खोटो ओके देव नको: समुद्राखाली श्वास कसा घेतात आणि बोलतात कसं

नाशिकहून मुंबईला निघालं की इगतपुरीपर्यंत काही वाटत नाही, पण घाट लागला आणि गाडी कसाऱ्याकडे उतरायला लागली की कानात दडे बसतात, मग कोणी आवंढा गिळतं, कोणी जांभई देतं, आमची आई पर्समधून खडीसाखर काढून सगळ्यांना वाटते आणि कान मोकळे होतात. हे इतकं सवयीचं झालंय की होतं काय नेमकं याचा कोणी विचारच करत नाही. होतं एवढंच की नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर, मुंबई खाली, आणि उतरताना डोक्यावरचा हवेचा थर जाड होत जातो म्हणून दाब वाढतो. किती वाढतो? नाशिक ते थेट मुंबई, सगळा उतार धरला तरी जेमतेम ७ टक्के. आता तेवढाच दाब वाढायला पाण्यात किती खोल जावं लागतं माहितीये? ७० सेंटीमीटर. कंबरेएवढं पण नाही.

मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा तपासला होता. अख्खा घाट ७० सेंटीमीटर पाण्यात बसतो!

हे लिहायचं कारण असं की मी मालवणला पहिली स्कूबा डाइव्ह, म्हणजे पाठीवर टाकी बांधून समुद्रात खाली जायचं, केली आणि नंतर पुन्हा जाऊन रीतसर कोर्सही केला, तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, मिसळ खायला बसलो तरी लोक तेच तेच प्रश्न विचारतात. पाठीवर ऑक्सिजन असतो ना? श्वास रोखून धरायचा का? आणि माझ्या नववीतल्या भाचीचा सगळ्यात चांगला प्रश्न, मावशी, तोंडात तर ती नळी असते, मग काही झालं तर सांगता कसं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, पण ते नीट कळायला आधी दाब आणि श्वास कळावा लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या डोक्यावर पार आकाशाच्या टोकापर्यंत जेवढी हवा आहे तिचा जो दाब, त्याला एक वातावरण दाब म्हणू. समुद्राचं फक्त १० मीटर पाणी तेवढाच दाब टाकतं. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. आपलं शरीर बहुतेक पाण्याचंच असल्याने हातापायांना यातलं काही जाणवत नाही, पाणी दबत नाही. दबते ती हवा. आणि हवा आपल्यात कुठे कुठे आहे, कानात, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत, फुप्फुसात, आणि डोळ्यांवरच्या मास्कमध्ये. डायव्हिंगमधल्या बहुतेक सगळ्या भानगडी या चार जागांच्याच असतात.

दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते, हा बॉइलचा नियम, १६६२ चा, शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला. मुंबईहून आणलेलं वेफर्सचं पाकीट नाशिकला येईपर्यंत जरा टम्म होतं ना, तोच नियम. पाण्यात फक्त तो फार जोरात लागू होतो.

तर आता तो ऑक्सिजनचा प्रश्न. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, आपण आत्ता घेतोय तीच, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, फक्त गाळून कोरडी करून दाबून भरलेली. किती दाबून, तर साधारण २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण दाब), म्हणजे कारच्या टायरमध्ये असते त्याच्या नव्वदेक पट. शुद्ध ऑक्सिजन का नाही भरत, तर दाबाखाली तो विषारी होतो, नुसता ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर आकडी येण्याचा धोका असतो, आणि पाण्याखाली आकडी आली म्हणजे तोंडातली श्वासाची नळी सुटली. म्हणून कोणी टाकीला ऑक्सिजन म्हटलं की मी न चुकता दुरुस्त करते, उगाच शब्दाचा कीस पाडायचा म्हणून नाही, तर ती गैरसमजूत खरंच घातक आहे म्हणून.

टाकीतली २०० बारची हवा थेट तोंडात आली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो आणि स्कूबाचं खरं डोकं तिथे आहे. तो दोन टप्प्यांत दाब उतरवतो, आणि शेवटी तुम्ही ज्या खोलीवर आहात तिथल्या पाण्याचा जेवढा दाब बरोबर तेवढ्याच दाबाची हवा देतो, ती सुद्धा तुम्ही श्वास आत ओढाल तेव्हाच. म्हणून १५ मीटरवर सुद्धा श्वास घेताना छातीवर कोणी बसलंय असं वाटत नाही. हे १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी जमवलं. गान्यां इंजिनिअर होता, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने एक व्हॉल्व्ह केला होता, तोच सुधारून पाण्याखालच्या श्वासासाठी वापरला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. खाली जाल तशी प्रत्येक श्वासातली हवा जास्त दाबलेली म्हणजे जास्त खर्च होते. १२ लिटरच्या टाकीत २०० बारने भरलेली हवा मोकळी केली तर साधारण २४०० लिटर होते. माणूस आरामात पोहताना मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती २ तास पुरेल, १० मीटरवर १ तास, २० मीटरवर ४० मिनिटं. आणि त्यातही ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. घाबरून धापा टाकल्या तर त्याच्याही निम्म्यात संपते. म्हणून चांगला डायव्हर ओळखायचा तो त्याच्या संथपणावरून, किती जोरात पाय मारतो त्यावरून नाही.

आता श्वास रोखायचा का? तर नाही, कधीच नाही, स्कूबाचा हा पहिला नियम. १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला, तो धरून ठेवला आणि वर आलात तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट होणार, फुप्फुस दुप्पट होऊ शकत नाही. लोकांना वाटतं खोल पाणी धोक्याचं आणि उथळ पाणी सुरक्षित, इथे उलटं आहे, हवा सगळ्यात जास्त फुगते ती शेवटच्या १० मीटरमध्ये. अगदी पोहण्याच्या तलावात सुद्धा टाकीची हवा घेऊन श्वास धरून वर यायचं नाही. आपल्याकडे लहानपणापासून बुडी मारायची म्हणजे नाक दाबून श्वास धरायचा हेच डोक्यात असतं, ती बुडी वेगळी, तिथे वरून नेलेली हवाच वर परत येते. हा फरक कळला की बाकी अर्धं शिक्षण झालं.

दुसरा मोठा विषय नायट्रोजनचा, आणि यासाठी नाशिककरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. गंगापूर धरणाकडे द्राक्षमळ्यांमधून गेलात तर वाईनरीत ती फेसाळणारी वाईन बघितली असेल. बंद बाटलीत एक बुडबुडा दिसत नाही. आतला दाब साधारण ५ ते ६ वातावरण इतका असतो, म्हणजे जवळपास ५० मीटर खोल समुद्रात असतो तेवढा, आणि त्या दाबाखाली गॅस वाईनमध्ये गपचूप विरघळून बसलेला असतो. बूच उडवलं की दाब एकदम जातो आणि सगळा फेस वर येतो. तेच बूच हळूहळू फिरवत सैल केलं तर फुस्स होऊन गॅस निवांत बाहेर पडतो.

माणूस खाली असतो तेव्हा तो अशी बंद बाटली असतो. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो, जितकं खोल आणि जितका वेळ तितका जास्त. हळू वर आलात तर तो तसाच परत फुप्फुसात येऊन श्वासावाटे निघून जातो. घाईत वर आलात तर बूच उडालं, बुडबुडे अंगातच, सांध्यांत, मज्जारज्जूत. सांधे असे दुखतात की माणूस वाकून जातो, पाय लुळे पडू शकतात. स्कूबा यायच्या कितीतरी आधी पुलाच्या मजुरांना हा त्रास झाला होता, नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांमध्ये उतरून ते पाया खणायचे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणारा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ साली यानेच अंथरुणाला खिळला आणि पुढचं काम त्याच्या बायकोने, एमिलीने, साइटवर जाऊन सांभाळलं. कारण नीट समजून वर येण्याची वेळापत्रकं करायला मग १९०८ साल उजाडलं, हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून ती केली.

आज नियम साधा आहे. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. थांबायचंच, वर बोट दिसत असली तरी.

आणि हे नाशिकसाठी खास सांगते कारण कोणी सांगत नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बऱ्याच जणांना माहीत असतं, एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबा असं सांगतात. पण घाट चढणं म्हणजे सुद्धा उंचीवर जाणंच आहे. मालवणहून आंबोलीने निघालात तर आंबोलीच ६९० मीटर, पुढे कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास, आणि घर तर ६०० मीटरवर. डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वर गेलं की उंची धरायला लागतात. म्हणून दिवसभर दोन तीन डाइव्ह करून संध्याकाळी सामान डिकीत टाकून रातोरात नाशिक गाठायचा बेत करू नका, शेवटचा दिवस किनाऱ्यावर काढा, सोलकढी प्या, किल्ला बघा, दुसऱ्या दिवशी निघा. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की आम्हाला घाट चढून जायचंय. आणि उद्या कोणी आपल्या धरणात डाइव्ह करायची म्हटली तर तिथेही हीच गोष्ट उलट बाजूने लागते, वरचा हवेचा दाबच कमी असतो म्हणून किती खोल किती वेळ थांबायचं याचे समुद्रासाठीचे तक्ते तसेच्या तसे वापरता येत नाहीत.

बरं, आता भाचीचा प्रश्न. सांगता कसं?

आधी एक प्रयोग सांगते जो आम्ही लहानपणी केलाय आणि तुम्हीही केला असेल. उन्हाळ्यात नदीच्या डोहात दोघं बुडी मारायचे, एकाने दोन दगड एकमेकांवर आपटायचे, दुसऱ्याला ते कानाशी आपटल्यासारखे खणखणीत ऐकू यायचे, आणि काठावर बसलेल्याला काहीच नाही. पाण्यात आवाज छान जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. हे मोजलं १८२६ मध्ये, जिनिव्हाच्या तलावात, कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी. एका बोटीवर पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवून उजेड करायचा, दुसरी बोट १३ किलोमीटरच्या वर लांब, तिथला माणूस पाण्यात कर्णा घालून बसलेला, उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. आकडा आला सेकंदाला १४३५ मीटर, आणि त्या थंड पाण्यासाठी तो आजही जवळजवळ बरोबर आहे.

मग बोलता का येत नाही? कारण आपला आवाज हवेत तयार होतो आणि हवेतून पाण्यात शिरायला तयार नसतो. हवा आणि पाणी यांची सीमा आवाजाला भिंतीसारखी लागते, हजारात एक हिस्सा पलीकडे जातो, बाकी परत फिरतो. काठावरच्याला दगड ऐकू येत नव्हते ते याच भिंतीमुळे. त्यात तोंडात रेग्युलेटर, ओठ मिटता येत नाहीत, प फ ब भ म गेलेच.

आणि ऐकू आलं तरी दिशा कळत नाही, हे मला पाण्यात गेल्यावरच कळलं. हवेत आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि तेवढ्या फरकावर मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात आवाज इतक्या वेगाने येतो की तो फरक चौपट कमी होतो आणि मेंदूचा हिशोब चुकतो, सगळे आवाज डोक्याच्या आतूनच आल्यासारखे वाटतात. मालवणला वरून मच्छीमारांची बोट जात असते, इंजिनाचा आवाज भरून येतो, पण ती डोक्यावर आहे का लांब आहे हे कानाने सांगता येत नाही. म्हणून वर येताना मान वर, डोळे वर आणि एक हात डोक्याच्या वर धरून यायचं. कानावर भरवसा नाही.

मोबाइल, वॉकीटॉकी, ब्लूटूथ यातलं काही चालत नाही कारण खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि ते रेडिओच्या लहरी पिऊन टाकतं, ब्लूटूथ तर काही सेंटीमीटरमध्ये मरतो. अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी तेवढ्या थोड्या खोल जातात, त्यासाठी प्रचंड मोठे मनोरे लागतात, आपल्या नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन, पाणबुड्यांना निरोप पाठवायला. पाठीवर टाकी बांधलेल्या माणसाला याचा काही उपयोग नाही.

म्हणून उरतात हात.

अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल, बाकी तीन बोटं ताठ, म्हणजे ओके. अंगठा वर म्हणजे मस्त नाही, अंगठा वर म्हणजे वर चला, डाइव्ह संपली. हे पाठ करून घ्या कारण आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपमुळे अंगठ्याची एवढी सवय झालीये की हात आपोआप तसा होतो. अंगठा खाली म्हणजे खाली चला. पंजा आडवा धरून डुगडुगता हलवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, आणि लगेच त्या जागेकडे बोट दाखवायचं, कान, मास्क, पाय. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी राहिलीये. पंजा गळ्यावरून सुरीसारखा फिरवला म्हणजे हवा संपली, हे दिसलं की समोरच्याने दुसरं काही न बघता आपला जादाचा रेग्युलेटर पुढे करायचा. दोन बोटं डोळ्यांकडे करून मग पुढे, म्हणजे तिकडे बघ. टाकीत किती आहे हे विचारायला तळहातावर दोन बोटं ठेवतात आणि उत्तर बोटांनी आकड्यात देतात, पण आकडे कसे दाखवायचे हे जागोजागी थोडं वेगळं असतं म्हणून पाण्यात उतरायच्या आधी बोटीवर ठरवून घ्यायचं.

या सगळ्यात ओके वेगळा आहे, कारण तो प्रश्न पण आहे आणि उत्तर पण. मी तुला ओके दाखवला म्हणजे मी विचारतेय, ठीक आहेस का, आणि तू तो परत दाखवायचाच, नाही दाखवलास तर मी समजायचं काहीतरी बिनसलंय. सगळं डायव्हिंग या एका सवाल जवाबावर उभं आहे असं माझं मत आहे.

माझ्या पहिल्या डाइव्हला काय झालं ते सांगते. सिंधुदुर्ग किल्ला मागे दिसत होता, पाणी स्वच्छ, इन्स्ट्रक्टर माझा हात धरून दोरीने खाली नेत होता. तीनेक मीटरवर उजव्या कानात कळ आली, दाभण टोचावं तशी. नाक दाबून फुंकलं, डावा कान मोकळा झाला, उजवा नाही. आणि माझ्या मनात काय आलं तर, थोडं सहन करू, होईल बरं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा कशाला. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, विशेषतः मुलींना, की बोलू नकोस, सोस थोडं. त्याने ओके विचारलं आणि मी ओके दाखवला. अजून अर्धा मीटर खाली गेलो, कळ डोळ्यापर्यंत आली. त्याने परत विचारलं, या वेळी मास्कजवळ मास्क आणून थेट डोळ्यांत बघत. तेव्हा माझा पंजा डुगडुगला आणि बोट कानाकडे गेलं.

त्याने काहीही घाई केली नाही, मला मीटरभर वर घेतलं, कळ थांबली. नाक दाबायची खूण केली, मी अगदी हळू फुंकलं, कानात कट्ट असा बारीक आवाज झाला आणि सगळं मोकळं. मग परत खाली गेलो आणि पुढची वीस मिनिटं मी मासे बघत होते, कानाची आठवणसुद्धा नव्हती. वर आल्यावर बोटीच्या शिडीशी तो मालवणीत एवढंच म्हणाला, "ताई, खोटो ओके देव नको." खोटा ओके देऊ नका.

झालं काय होतं, तर घशापासून कानाच्या पडद्यामागे जाणारी एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. बाहेरचा दाब वाढला की त्या नळीतून आत हवा सोडून दोन्हीकडे सारखं करावं लागतं, घाटात आवंढा गिळून आपण तेच करतो. पाण्यात ते प्रत्येक अर्ध्या मीटरला करायचं, दुखायच्या आधी करायचं, कारण एकदा का पडदा आत ताणला गेला की नळीचं तोंड दाबलं जातं आणि मग कितीही जोरात फुंका, उघडत नाही, उलट इजा होते. उपाय एकच, थोडं वर या. आणि वर यायचं तर सोबतच्याला सांगावं लागतं. मी सहन करत राहिले असते तर पडदा फाटू शकला असता, थंड पाणी आत जाऊन चक्कर येते, वर खाली कळत नाही. म्हणून सर्दी असली तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका, पैसे भरलेले असले तरी.

हात दिसले तर हातांची भाषा, आणि न दिसले तर? रात्री टॉर्चने बोलतात, उजेडाचा वाळूवर सावकाश गोल काढला म्हणजे ओके, झोत भराभर डावीकडे उजवीकडे हलला म्हणजे संकट. लिहून सांगायचं तर पांढरी पाटी आणि शिसपेन्सिल असते, पेन्सिल पाण्यात मस्त चालते. रंगांवर मात्र विसंबू नका, पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, कोर्सच्या वेळी १५ मीटरवर माझं लालभडक नेलपेंट मातकट काळपट दिसत होतं, टॉर्च मारला की त्याच क्षणी परत लाल. बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं खाली.

आणि गढूळ पाणी? ते आपल्याला गोदावरीने दाखवलंय. पावसाळ्यात नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं तेव्हा नदीचं ते चहासारखं पाणी बघा आणि विचार करा, त्यात कोणी शोधायला उतरलं तर स्वतःचा हात सुद्धा दिसणार नाही. अशा पाण्यात दोरी हीच जीभ. एक टोक पाणबुड्याला, एक काठावरच्याच्या हातात. अमेरिकन नेव्हीच्या पद्धतीत वरून एक ओढ म्हणजे ठीक आहेस का, खालून एक ओढ म्हणजे ठीक आहे, चार ओढी म्हणजे वर ये किंवा मला वर घ्या. बघा, पुन्हा तोच सवाल जवाब, फक्त बोटांऐवजी दोरी. काठावरच्या त्या माणसाने त्या वेळात फोन उचलायचा नसतो, मान वळवायची नसते. घाटावर जे जीवरक्षक उभे असतात त्यांच्याकडे बघायची माझी नजर हे शिकल्यापासून बदलली आणि २०२७ च्या कुंभात लाखो लोक पाण्यात उतरणारेत तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत असेन.

खरं बोलायचंच असेल तर अख्खा चेहरा झाकणारा मास्क मिळतो, त्यात तोंड मोकळं असतं आणि एक छोटं यंत्र आवाजाला अल्ट्रासाउंडमध्ये बदलून पाण्यात सोडतं, दुसऱ्याकडचं यंत्र ते परत शब्दांत आणतं. तेलविहिरींवर काम करणारे डायव्हर तर वरून येणाऱ्या तारेवर बोलतात. पण ते फार खोल असतात, तिथे नायट्रोजनची नशा चढते म्हणून त्यांना नायट्रोजनच्या जागी हेलियम घातलेली हवा देतात, आणि हेलियममध्ये आवाज जवळपास तिप्पट वेगाने धावतो म्हणून माणसाचा आवाज बदकासारखा चिरका होतो, वरच्या माणसाला कळावा म्हणून तो दुरुस्त करणारं वेगळं यंत्र लावतात.

आणि अगदी तळाशी? १९६० साली त्रिएस्ते नावाच्या यानातून दोन माणसं मारियाना गर्तेत जवळपास ११ किलोमीटर खाली गेली, तिथून आवाजाने वर बोलता आलं, पण शब्द पोचायला ७ सेकंद लागायचे आणि उत्तर यायला अजून ७. आपलं मत्स्य ६००० हे असंच खोल जाणारं यान चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत घडतंय, २.१ मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात तीन माणसं, ६००० मीटर, ६०० पट दाब. तिथून ठीक आहे म्हटलं तर वर ऐकू यायला ४ सेकंद लागतील.

गेल्या रविवारी भाचीला घेऊन तलावावर गेले होते. खोल बाजूला शिडी धरून दोघी साध्या बुडीने खाली गेलो, टाकी वगैरे काही नाही. दोन मीटरवर मी तिला ओके दाखवला. तिने माझ्याकडे बघितलं, पंजा आडवा धरून हलवला, बोट डाव्या कानाकडे, मग अंगठा वर. लगेच वर आलो. शिडीला धरून तिने नाक दाबलं, हळू फुंकलं, आणि "मावशी, कट्ट झालं" म्हणाली. मग परत खाली गेलो.